केएच उतरला म्हणून कॅल्शियम घालू नका

प्रवाळांची टाकी नवी असली की एक सल्ला हमखास मिळतो: ‘हार्डनेस कमी झाला असेल, थोडं कॅल्शियम घाल.’ न्यू जर्सीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी तेच केलं. कॅल्शियमची टेस्ट लिटरला 400 मिलिग्रॅम दाखवत होती, म्हणून रोज थोडं कॅल्शियम क्लोराइड घालत गेलो. आठवड्याभरात आकडा 450 वर गेला. केएच, म्हणजे अंशांत मोजलेली पाण्याची अल्कलिनिटी, पाहिला तर 5! तोवर अ‍ॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाची कातडी बुंध्याकडून सुटायला लागली होती आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडला होता.

गोंधळाचं मूळ नावात आहे. केएच हे जर्मन नावाचं आद्याक्षरी रूप, अर्थ ‘कार्बोनेट हार्डनेस’. चुनखडीतून झिरपलेल्या गोड्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बरोबरच येतात, त्यामुळे बोअरचं पाणी जड म्हटलं की दोन्ही आलं. समुद्राच्या पाण्यात ही जोडी सुटते. तिथे कॅल्शियम लिटरला सुमारे 420 मिलिग्रॅम असतं आणि केएच जेमतेम 7. कॅल्शियम हे मूलद्रव्य आहे, ते वजनात मोजता येतं. केएच जी मोजतो ती अल्कलिनिटी म्हणजे कुठला एक पदार्थ नव्हे, ती पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट देतात, थोडा हातभार बोरेटचा.

टेस्ट करताना हे डोळ्यांना दिसतं. नळीतलं पाणी निळं करून घ्यायचं आणि आम्लाचा एकेक थेंब सोडत हलवत राहायचं. सातव्या थेंबापर्यंत निळाई टिकते, आठव्याला पाणी एकदम पिवळं पडतं. थेंबाला एक अंश धरणारं किट असेल, तर केएच 8.

प्रवाळाला सांगाडा बांधायला दोन्ही लागतात, कारण सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. खर्चाचं प्रमाणही ठरलेलं आहे: केएच 2.8 अंशांनी उतरतो तेव्हा कॅल्शियम लिटरमागे 20 मिलिग्रॅमने घटतं. आता रोज 1 अंश खाणारी टाकी घ्या. तीन दिवसांत केएच 8 वरून 5 वर येतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साठा गेला. त्याच तीन दिवसांत कॅल्शियम 420 वरून 399 च्या आसपास येतं. घरच्या किटवर 10-20 चा फरक तर नुसत्या थेंबाच्या आकारानेही पडतो, त्यामुळे कॅल्शियमची टेस्ट ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहते आणि प्रवाळ उपाशी पडतात. माझ्या टाकीत नेमकं हेच झालं होतं.

म्हणून अल्कलिनिटी रोज, ठरल्या वेळी मोजा. कॅल्शियम आठवड्यातून एकदा पुरे.

भरपाईही ज्याची त्यालाच करायची. 100 लिटर पाण्यात केएच 1 अंशाने चढवायला साधारण 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा आणि दिवसात 1 अंशाहून जास्त चढवू नका. खाली गेलेला केएच एका दिवसात वर ओढण्याची घाई प्रवाळांना उतरलेल्या केएचइतकीच बाधते. सोडा आणि कॅल्शियमचं द्रावण एकाच जागी, एकाच वेळी कधीच ओतू नका. दोन्ही भिडतात तिथे पाणी दुधाळ होतं, पांढरी भुकटी तळाशी बसते आणि दोन्ही आकडे एकदम कोसळतात. हीटरवर चढणारा पांढरा थरही याच जातीचा. तो फार लवकर जमत असेल, तर मॅग्नेशियम तपासा. ते 1300 च्या आसपास असलं की स्फटिकांची वाढ आवरलेली राहते.

दोन्ही एकदम आणि योग्य प्रमाणात देणारी वस्तू आपल्या ओळखीचीच आहे: चुन्याची निवळी. रसायन पानाला लावतो त्या चुन्याचंच, पण टाकीसाठी शुद्ध भुकटीच घ्यायची. 100 लिटरच्या टाकीत उडून गेलेल्या पाण्याच्या जागी लिटरभर पुरती संपृक्त निवळी गेली, तर केएच सुमारे 1 अंशाने आणि कॅल्शियम सुमारे 8 ने चढतं. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणून ती रात्री थेंब थेंब सोडायची आणि तळाचा साका टाकीत जाऊ द्यायचा नाही. दिवसाला जेवढं पाणी उडतं तेवढीच निवळी घालता येते, ही तिची मर्यादा.

पीएच ही आणखी वेगळी गोष्ट. हिवाळ्यात खिडक्या बंद असल्या की आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि केएच 8 वर असूनही पीएच 7.8 दाखवतो. अशा वेळी सोड्याला हात लावू नका, खिडकी उघडा.

भारतातल्या वाचकांना कळकळीने सांगतो, कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे.

आणि कॅल्शियम, केएच, मॅग्नेशियम हे तिन्ही सारख्याच प्रमाणात कमी दिसले, तर कुठलीच बाटली उघडण्याआधी क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, मोजा. ती 35 वरून 31 वर आलेली असेल, तर कमी पडलंय ते मीठ.