भट्टीविना उबदार: रिजायनाच्या घराची पार्श्वभूमी

थंड देशांत घर गरम ठेवायचं तर जास्त इंधन जाळायचं, यात ऑक्टोबर 1973 पर्यंत कुणाला काही खटकत नव्हतं. भिंतींत जेमतेम इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारं भरण, आणि फटींतून आत येणारा वारा. अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे 3 डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत जवळपास 12 डॉलरवर गेला. मग सरकारांनाही घरातली ऊब कुठून निसटते ते शोधावंसं वाटू लागलं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारला आपल्या हवेला साजेसं सौर घर हवं होतं. तिथे हिवाळ्यात पारा उणे 30 च्याही खाली उतरतो आणि दिवस आखूड असतो. अभियंते हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा सूर्याची उष्णता गोळा करून साठवण्यापेक्षा घरातली ऊब बाहेर जाऊ न देणं कितीतरी सोपं निघालं.

1977 मध्ये रिजायना शहरात ते घर उभं राहिलं. भिंती सुमारे 30 सेंटिमीटर जाड आणि इन्सुलेशनने भरलेल्या, छपरात त्याहून जास्त भरण. पण खरी मेहनत फटींवर घेतली होती. इन्सुलेशन काम करतं ते त्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. वारा आरपार जाऊ लागला की जाड स्वेटरही कुचकामी ठरतो. म्हणून भिंतींत प्लास्टिकचा अखंड पडदा लावून प्रत्येक सांधा बंद केला. दारात पंखा बसवून घर किती गळतं ते मोजण्याची पद्धत विकसित करण्यातही ऑर यांचा वाटा होता.

एवढं बंद घर कोंदट होणारच. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या गरम हवेकडून आत येणाऱ्या ताज्या हवेला ऊब देणारं यंत्र बसवलं. माझ्या मते या घराची सर्वांत मोलाची देणगी हीच. हवा खेळती ठेवण्याची सोय न करता नुसतं इन्सुलेशन केलं, तर ओल धरते, बुरशी येते, आणि दोष मात्र इन्सुलेशनला लागतो. या घराला ते तापवणारी भट्टी लागली नाही. सूर्याची उष्णता गोळा करण्यासाठी बसवलेल्या, लोकांचं लक्ष वेधणाऱ्या महागड्या नळ्या पुढे काढून टाकल्या.

1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि हा उत्साह ओसरला. पण 1988 मध्ये जर्मनीचे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे संशोधक बो अॅडम्सन यांनी हीच दिशा धरली. त्यातून जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये चार जोडघरं बांधली गेली. 1991 मध्ये तिथे लोक राहायला आले. पुढे ‘पॅसिव्हहाउस’चं, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराचं, मानक ठरलं: घर तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे फार तर 15 युनिट (किलोवॅट-तास). रिजायनाच्या घराचं ऋण फाइस्ट यांच्या संस्थेने 2015 मध्ये पुरस्कार देऊन मान्य केलं.

नव्या घरांचं कोडं असं बरंचसं सुटलं. जुन्यांचं अजून तसंच आहे. त्यावरही ऑर यांनीच 1982 मध्ये वाट दाखवली होती. एका जुन्या घराच्या वळचणी त्यांनी करवतीने कापल्या, अख्खं घर बाहेरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि त्यावर इन्सुलेशनचा नवा थर चढवला. नेदरलँड्समधल्या ‘एनर्जीस्प्राँग’ उपक्रमात कारखान्यात तयार केलेल्या भिंती जुन्या घरांवर बाहेरून बसवतात, तेव्हा तंत्र आधुनिक असतं, पण कल्पना तीच.