संक्रांतीचा तिळगूळ आणि दातांवरच्या तारा

जानेवारी लागला की इतवारीच्या किराणा बाजारात तिळाची पोती आणि गुळाच्या भेल्या दिसू लागतात. नागपुरातल्या ज्या घरात आठवी-नववीतल्या मुलाच्या दातांना तारा लागल्या आहेत, तिथे त्याच सुमारास एक वादही सुरू होतो. आजीच्या हातात तिळाचा लाडू, आई नको म्हणतेय आणि पोरगं मागे लागलंय, "आजी, एकच दे न!" आईची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी सणाचं सगळंच गोड बंद करायला नको. बघायच्या गोष्टी दोनच: पाक किती कडक झालाय आणि गोड दिवसातून कितीदा तोंडात जातंय.

तार ज्यात अडकवतात तो दातावर चिकटवलेला छोटा तुकडा म्हणजे ब्रॅकेट. आधी ते दाताला धरून कसं राहतं ते पाहू. दाताच्या इनॅमलवर, म्हणजे वरच्या कडक थरावर, डॉक्टर फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद लावतात आणि धुऊन टाकतात. त्याने गुळगुळीत इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. पातळ रेझिन, म्हणजे चिकटवायचं द्रव प्लास्टिक, त्या छिद्रांत शिरतं आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतं. आम्लाने इनॅमल असं खरखरीत करता येतं हे अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं. पूर्वी जवळजवळ प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे, ते पुढे याच शोधामुळे टळलं.

ही पकड मुद्दामच बेताची ठेवलेली असते. उपचार संपल्यावर इनॅमलचा टवका न उडता ब्रॅकेट निघायला हवं ना. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे दातांचे डॉक्टर, साधारण ६ ते ८ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक) पकड पुरेशी मानतात. ब्रॅकेटचा तळ जेमतेम १२ चौरस मिलिमीटरचा धरला, तर ते ७ ते १० किलो वजनाच्या आसपास जोर सोसतं असा हिशेब येतो. दाढांखाली आपण एखादी कडक वस्तू फोडतो तेव्हा दाब याच्या कितीतरी पट असतो. तो दाब तिरका होऊन ब्रॅकेटच्या कडेवर आला की ते सुटतं. म्हणून खालच्या दाढा-उपदाढांवरची ब्रॅकेटं जास्त निघतात.

आता पाकाकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. गूळ उकळताना त्यातलं पाणी उडत जातं आणि पाकाचं तापमान चढत जातं. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघायची रीत आपल्या घरोघरी आहे. साधारण ११५ अंशांच्या आसपास तो थेंब बोटांत दाबला की मऊ गोळी होते. त्यात अजून बऱ्यापैकी पाणी असतं. तोच पाक १५० अंशांकडे गेला की थेंब पाण्यात तडकतो आणि वाटीवर आपटला की टण्ण वाजतो. आता पाणी टक्का-दोन टक्केच उरलेलं असतं. साखरेच्या रेणूंना स्फटिकात रचून बसायला वेळच मिळत नाही, ते होते तसेच गोठतात. चिक्की आणि रेवडी ही खरं तर साखरेची काच आहे. दाताखाली ती लवत नाही, थेट तुटते. वर तिचे तुकडे लाळेने ओले झाले की चिकट होतात आणि तारेला धरून बसतात. म्हणजे तोडताना धक्का आणि सोडवताना ओढ, असा दुहेरी मार ब्रॅकेटला बसतो.

म्हणून तारा असलेल्या मुलासाठी चिक्कीचा गूळ आणूच नका, साधा मऊ गूळ आणा. तीळ खमंग भाजून खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये कुटा, त्यात किसलेला गूळ, वेलची आणि चमचाभर तूप घाला आणि पाक न करता लाडू वळा. तिळात वजनाने जवळपास निम्मं तेल असतं. कुटताना ते सुटतं, गुळाच्या कणांभोवती पसरतं आणि लाडू त्यावरच बांधला जातो. असा लाडू दाताखाली भुगा होतो. अख्खे तीळ तारेमागे अडकायचा त्रासही बराच कमी होतो. माझ्या मते चवीलाही हा लाडू पाकाच्या लाडवापेक्षा सरसच लागतो.

गुळपोळी चालते, पण ताजी, तूप लावून, लहान तुकडे करून. दुसऱ्या दिवशी ती कडक झाली की कोमट दुधात भिजवावी. संत्रा बर्फी, खवा, खीर, श्रीखंड यांनी ब्रॅकेटला काही होत नाही. ऊस मात्र सोलून दातांनी ओढायचा नाही, त्याचा रस प्यावा. बोरं खायची तर बी आधी काढून. फुटाणे आणि कडक भाजलेले शेंगदाणे या वर्षी राहू द्या, ओला हरभरा खुशाल खाऊ द्या. होळीला साखरेच्या गाठी येतील, तेव्हाही दात लावायचा मोह टाळायला लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि घरात तिच्याकडेच कमी लक्ष जातं. तोंडातले जीवाणू साखर खाऊन आम्ल बनवतात. काही मिनिटांतच दातांवर साचलेल्या जीवाणूंच्या थरातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरतो आणि इनॅमलमधून कॅल्शियम, फॉस्फेट बाहेर पडू लागतात. लाळ हळूहळू ते सावरून घेते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणाबरोबर दोन लाडू खाल्ले तर ही घसरण एकदाच होते. तेच दोन लाडू चिमूट चिमूट करून दुपारभर खाल्ले तर दात दुपारभर आम्लात राहतात.

स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात व्हिपेहोल्म इथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयात हे तपासलं गेलं. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा रुग्णांवर तो प्रयोग झाला, हे अत्यंत चुकीचं होतं आणि आज तसं कुणालाही करता येणार नाही. त्यातून कळलेली गोष्ट मात्र खरी आहे.

आपल्याकडे संक्रांत एका दिवसात संपत नाही. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. आईबरोबर गेलेल्या मुलांच्या हातावर दर घरी तिळगूळ पडतो, तोही संध्याकाळी, जेवणाच्या अध्येमध्ये. तिळगूळ घ्यावा, गोड बोलावं आणि डबीत टाकून घरी आणावा. रात्रीच्या जेवणाबरोबर सगळा एकदम खावा. काटेरी हलव्याचंही तसंच. तो चघळत ठेवला तर साखर तोंडात बराच वेळ राहते, आणि चावला तर कडक.

ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी सगळ्यांत जास्त भोगते. तिथे ब्रश नीट पोचत नाही. थर साचत राहिला तर महिनाभरातही खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात, आणि ते दिसतात तारा काढल्यावर. ब्रश आधी हिरडीकडून तिरका धरून ब्रॅकेटच्या वर फिरवा, मग खालून, आणि तारेखाली लहान इंटरडेंटल ब्रश (फटींत जाणारा बारीक ब्रश) घाला. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड किमान १००० पीपीएम हवं. ब्रश झाल्यावर फेस थुंकावा, खळखळून चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नये. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांना सावरणारं कुणी उरत नाही.

संत्र्याचा मोसम चालू असतो, तेव्हा त्याचंही सांगतो. संत्री मऊ असतात, खुशाल खावीत. पण त्यातल्या सायट्रिक आम्लाने इनॅमल थोडा वेळ नरम पडतं, म्हणून खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा.

चंद्रपूर, यवतमाळ भागातली पुष्कळ मुलं उपचाराला नागपुरात येतात. तिथल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. अशा इनॅमलवर आम्लाचा परिणाम कमी होतो, त्यामुळे ब्रॅकेटची पकड कच्ची राहू शकते. या मुलांनी कडक खाणं अधिकच सांभाळावं. लहानपणी कुठलं पाणी प्यायलं, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

तार बदलायची तारीख सणाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. ऐन सणाला मुलाला मऊ खिचडीवर बसवण्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी जाऊन या.

एवढं करूनही ब्रॅकेट सुटलंच, तर ते तारेवर लटकत असताना ओढू नका. टोचत असेल तिथे ऑर्थो वॅक्सची (तारांवर लावायच्या मऊ मेणाची) छोटी गोळी दाबून बसवा आणि दवाखान्यात फोन करा. सुट्टं निघालं असेल तर डबीत ठेवून सोबत न्या. चुकून गिळलं गेलं तर ते बहुधा आपोआप शौचातून बाहेर पडतं. ठसका थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर मात्र दातांच्या डॉक्टरांची वाट न बघता मुलाला सरळ रुग्णालयात न्या.