साइट ‘काल होती तशी’ करताना आम्ही काय करतो
ग्राहकांसाठी माहितीपत्रक · वागळे इस्टेट, ठाणे

नवी आवृत्ती चढवली आणि साइट पडली, की फोन येतो, “काल चालत होती तशी करून द्या.” नुसता प्रोग्रॅमच बिघडला असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे. तुमची सेवा कुबरनेटिसवर चालते, म्हणजे सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रणालीवर. वेगळी सूचना नसेल तर ते डिप्लॉयमेंटच्या (प्रोग्रॅम कसा चालवायचा याच्या मांडणीच्या) मागच्या 10 आवृत्त्यांची नोंद ठेवतं. आम्ही ‘रोलआउट अनडू’चा, म्हणजे मागे जाण्याचा, आदेश देतो आणि जुन्या आवृत्तीचे पॉड (प्रोग्रॅमच्या चालत्या प्रती) पुन्हा उभे राहतात.

अट एकच: प्रत्येक इमेजला, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार पॅकेजला, स्वतःचा क्रमांक हवा. सगळ्यांना ‘लेटेस्ट’ हाच टॅग (नावाची चिठ्ठी) असेल तर मागे जाऊनही तीच बिघडलेली इमेज हाती येते. आधीच्या डेव्हलपरने तसं ठेवलं असेल तर ते बदलल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही.

आता जे परत येत नाही ते. कॉन्फिगमॅप (सेटिंग) आणि सीक्रेट (गुप्त माहिती) यांमधले बदल, म्हणजे पेमेंट गेटवेची गुप्त चावी वगैरे, अनडू केल्याने मागे जात नाहीत. डेटाबेस तर नाहीच. नव्या आवृत्तीने टेबलांची रचना बदलली असेल तर जुना प्रोग्रॅम त्यावर अडखळू शकतो. मग बॅकअप घालावा लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. पहाटे 2 चा बॅकअप दुपारी घातला तर मधल्या सगळ्या ऑर्डर गेल्या. नौपाड्यातल्या फराळवाल्याला दिवाळीच्या आठवड्यात हे कसं परवडणार? म्हणून मालकाच्या लेखी होकाराशिवाय आम्ही बॅकअपला हात लावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ आलं तरी चालेल.

डिप्लॉयमेंटच डिलीट झालं तर त्या 10 नोंदीही जातात. मग गिटमध्ये (फाइलींचे बदल जपणाऱ्या साठ्यात) ठेवलेल्या यामल फाइलींवरून, म्हणजे मांडणी लिहिलेल्या फाइलींवरून, सगळं नव्याने उभारतो. नेमस्पेस, म्हणजे तुमच्या सेवेचा कुबरनेटिसमधला कप्पा, उडवली तर बहुतेक क्लाउडवर डेटाची डिस्कही पुसली जाते. त्यामुळे बॅकअप क्लस्टरच्या (कुबरनेटिसच्या सर्व्हरांच्या गटाच्या) बाहेर ठेवतो. त्याचे पैसे बिलात वेगळे दिसतील, ते कमी करायला सांगू नका.

(वागळेत वीज गेली म्हणून साइट जात नाही. सर्व्हर डेटा सेंटरमध्ये आहेत, आमच्या गाळ्यात नाहीत.)

फोन करताना किती वाजल्यापासून बंद आहे आणि त्याआधी कोणी काय बदललं, एवढं सांगा. स्क्रीनचा फोटो पाठवा. आणि आम्ही बघेपर्यंत पॉड डिलीट करू नका. पॉडबरोबर त्याचे लॉगही (काय घडलं त्याच्या नोंदी) जातात, आणि बिघाड कशाने झाला ते शोधायला तेच लागतात.