मळमळ: पित्ताची आणि पाळी जाण्याच्या वयातली

मुंबईत पंचेचाळिशीच्या बाईला मळमळलं की निदान घरच्या घरी होतं: पित्त झालंय. रात्री उशिरा जेवलीस, सकाळी उपाशीपोटी चहा ढोसलास, काल स्टेशनबाहेर वडापाव खाल्लास. कारण शोधावं लागत नाही, कारण नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या कुणाच्याही दिवसात यातलं काहीतरी असतंच. मग कोपऱ्यावरचं मेडिकल, "दादा, पित्ताची गोळी द्या", आणि विषय मिटतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

याच वयात मळमळीचं दुसरंही एक कारण असतं, पाळी जाण्याचा काळ, आणि त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. भारतीय बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या आसपास. सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर म्हणतात. पण शरीरातली उलथापालथ त्याच्या काही वर्षं आधीच सुरू झालेली असते, म्हणजे ऐन चाळिशीत, पाळी अजून येत असतानाच. त्यामुळे "मला अजून पाळी येते, म्हणजे ते नसणार" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

पित्ताचं गणित सरळ आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती ढिली पडली की जठरातलं आम्ल वर येतं. छातीच्या मध्यभागी जळजळ, आंबट पाणी तोंडात, करपट ढेकर, घशात खवखव. जेवल्यावर तासाभरात, वाकून लादी पुसताना किंवा जेवून लगेच आडवं झाल्यावर त्रास वाढतो. उठून बसलं की थोडं बरं वाटतं. या मळमळीचा धागा जेवणाशी आणि शरीराच्या स्थितीशी जोडलेला असतो.

दुसरीचा धागा पकडायला जास्त लक्ष द्यावं लागतं. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन हळूहळू उतरत जात नाही, ते वरखाली होतं. एका महिन्यात भरपूर, पुढच्या महिन्यात एकदम कमी. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा जो भाग आहे तो या चढउतारांनी हळवा होतो आणि तापमानातल्या बारीकशा फरकालाही "अंग तापलं, थंड करा" असा हुकूम सोडतो. छातीतून मान-चेहऱ्याकडे उष्णतेची लाट येते, धडधडतं, घाम फुटतो, मग गार वाटून शहारा येतो. लाट बहुतेक वेळा 1 ते 5 मिनिटांची असते. तिच्याबरोबर काहींना पोटात ढवळतं, डोकं हलकं होतं, तोंडाला पाणी सुटतं. मळमळ हे या काळातलं सगळ्यात ठळक लक्षण नाही, हेही सांगायला हवं. ती बहुतेक वेळा कशाच्या तरी सोबतीने येते: या लाटेच्या, अर्धशिशीच्या, चक्करेच्या, धास्तीच्या किंवा तुटक झोपेच्या. रात्री दोनदा घामाने जाग आलेल्या बाईला सकाळी दात घासताना मळमळणं यात नवल काहीच नाही.

लोकलच्या लेडीज डब्यात सकाळच्या गर्दीत हा फरक जवळून दिसतो. बाई दाराजवळ उभी आहे, सगळ्यांना उकडतंय, पण तिच्या वरच्या ओठावर आणि मानेवर एकदम घामाचे थेंब येतात. ती पदराने वारा घेते, कुणाच्या तरी अत्तराचा वास तिला सोसत नाही, डोळे मिटून ती खांब घट्ट धरते. दोन स्टेशनं जाईपर्यंत सगळं ओसरतं आणि ती पुन्हा मोबाइल बघायला लागते. जळजळ नाही, ढेकर नाही, आंबट पाणी नाही. पित्त इतक्या झटपट येऊन इतक्या झटपट क्वचितच जातं.

म्हणून मळमळ आली की "काय खाल्लं होतं?" एवढंच विचारू नका. त्याच्या दहा मिनिटं आधी अंगात काय झालं, तेही विचारा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर महिनाभर खुणा करा: पाळीचे दिवस, मळमळीची वेळ, त्याआधी गरम झालं का, डोकं दुखलं का, जेवून किती वेळ झाला होता, रात्री झोप कशी होती. खुणा जेवणाभोवती गोळा झाल्या तर एक उत्तर, पाळीच्या आसपास किंवा घामाच्या लाटांभोवती गोळा झाल्या तर दुसरं. गर्भपिशवी काढलेली असेल आणि बीजांडकोश शाबूत असतील, तर पाळीची खूण मिळणार नाही. मग लाटा, झोप आणि डोकेदुखी यांच्याच नोंदी कामाला येतात. दोन्ही एकत्र असणंही अगदी शक्य आहे. या वयात पोटावर वजन चढतं, आणि पोटाचा घेर वाढला की आम्ल वर ढकललं जातं.

इथे एका गैरसमजाबद्दल मला जरा जोर देऊनच बोलायचं आहे. "गोळी घेतली आणि बरं वाटलं, म्हणजे पित्तच होतं" असं जवळपास प्रत्येकजण म्हणतं. दुकानात पित्ताची म्हणून मिळणारी जी कॅप्सूल सर्रास खपते, तिच्यात बऱ्याचदा दोन औषधं असतात: पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम आणि डॉम्पेरिडॉन 30 मिलिग्रॅम. पहिलं आम्ल कमी करतं. दुसरं उलटीची भावना दाबणारं औषध आहे, मळमळ कशानेही आलेली असो. तेव्हा बरं वाटलं यावरून पित्त सिद्ध होत नाही. डॉम्पेरिडॉनने काही जणांच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकांनी 2014 मध्ये ते कमी मात्रेत आणि सहसा आठवड्याहून जास्त नाही, एवढंच घ्यावं असं सांगितलं. आणि पॅन्टोप्राझोलसारखी औषधं वर्षानुवर्षं घेतली तर हाडं मोडण्याचा धोका वाढलेला आणि बी-12 जीवनसत्त्व कमी झालेलं आढळतं. पाळी गेल्यावर हाडं आधीच विरळ होऊ लागतात, त्याच वर्षांत नको असलेली गोळी रोज सकाळी पोटात जाते. मला हे फार खटकतं. खरंच आम्लाचा त्रास असेल तर हे औषध उत्तम आहे, जेवणाआधी अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस. दुखणं दुसरंच असेल तर मात्र ते फक्त खऱ्या कारणावर पडदा टाकतं. फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम असतं, बीपी असलेल्यांनी तेही लक्षात ठेवावं.

घरगुती उपायांतही या दोघींच्या वाटा फुटतात. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळणं हा मळमळीवरचा चांगला उपाय आहे, गरोदरपणातल्या मळमळीवर त्याचा अभ्यासही झाला आहे. पण जास्त आलं खाल्लं तर आम्लाची जळजळ भडकू शकते. पुदिना आणि पेपरमिंटच्या गोळीचं तसंच. लाटेबरोबर येणाऱ्या मळमळीत त्यांनी हायसं वाटेल, पण त्या झडप ढिली करतात, म्हणून पित्तात नकोत. लिंबू हुंगलं तर बऱ्याच जणींची मळमळ बसते, आणि तेच लिंबू पिळून उपाशीपोटी प्यायलं तर पित्तवालीला पश्चात्ताप होतो. थंड दुधाने जळजळ घटकाभर थांबते, मग पोट पुन्हा आम्ल बनवतं. लाटेच्या मळमळीवर गार पाण्याचे छोटे घोट, मनगटावर आणि मानेवर ओला रुमाल, पंख्याखाली बसून सावकाश श्वास सोडणं हे जास्त उपयोगाचं. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराकडे तीन बोटांवर, दोन शिरांच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरायचा एक बिंदू आहे. काहींना त्याने आराम पडतो, आणि गर्दीत उभ्या उभ्या करता येतो.

दोन्हीत सारखी लागू पडणारी गोष्ट म्हणजे पोट रिकामं न ठेवणं. सकाळी सगळ्यांचे डबे भरून स्वतः नुसत्या चहावर घर सोडायचं, ही सवय दोन्ही मळमळींना आमंत्रण देते. दोन घास पोळी, एखादं केळं, मूठभर लाह्या, काहीही चालेल. चतुर्थी-एकादशीचे उपास करायचे असतील तर दिवसभर कोरडं राहून रात्री तेलकट साबुदाण्याची खिचडी खाण्यापेक्षा थोडं थोडं, वरी-दही, राजगिरा, फळं असं घ्या. कडक चहा-कॉफी मात्र दोघींनाही त्रास देते: एकीत आम्ल, दुसरीत लाट.

काही कारणं या दोन्हींच्या बाहेरची असतात. पाळी जाण्याच्या सुमारास रक्तस्राव जास्त होतो, हिमोग्लोबिन घसरतं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यांनीच मळमळतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीने मळमळतं, वेदनाशामक गोळ्यांनीही पोट बिघडतं. उजव्या बरगडीखाली तेलकट खाल्ल्यावर कळ येत असेल तर पित्ताशयातले खडे तपासावे लागतात. आणि पाळी चुकली, मळमळतंय, वय 44 आहे, तर आधी गरोदरपणाची चाचणी करा. लाजायचं काही कारण नाही. गर्भनिरोधनाची गरज पाळी थांबल्यावरही पन्नाशीच्या आत असाल तर दोन वर्षं, पुढे असाल तर एक वर्ष राहते.

हृदयविकाराचा झटका बायकांमध्ये बऱ्याचदा छातीत भयंकर न दुखताही येतो. मळमळ, गार घाम, धाप, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात दुखणं, कधी नव्हे तो थकवा. हे पित्तासारखंही वाटतं आणि घामाच्या लाटेसारखंही. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो. काही मिनिटांत ओसरलं नाही, किंवा चालताना-जिने चढताना आलं, तर पित्ताची पुडी पाण्यात ढवळत बसू नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. नुसतं पित्त निघालं तरी चालेल. उलटीत रक्त, काळी शौच, गिळायला त्रास, कारण नसताना घटलेलं वजन, पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा दिसलेला रक्ताचा डाग: यातलं काहीही घरी थांबवून ठेवायचं नाही.

केईएम, नायर, सायनच्या ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख, कालनिर्णयावरच्या खुणा आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पंचेचाळिशीनंतर हा काळ ओळखायला हॉर्मोनच्या रक्तचाचणीची सहसा गरज पडत नाही, लक्षणंच पुरतात. लाटा फार असतील तर हॉर्मोन उपचारांबद्दल विचारा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते आधी सांगा. हॉर्मोनच्या गोळ्यांनीही सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळू शकतं. गोळी रात्री जेवल्यावर घेतली तर मळमळ बहुधा सुसह्य होते, नाहीतर त्वचेवर लावायची जेल किंवा पट्टी मिळेल का, तेही विचारून घ्या.