पानशेत ‘अचानक’ फुटलंच नव्हतं

कुणाचं पार वाटोळं झालं, होत्याचं नव्हतं झालं की पुण्यातली जुनी मंडळी अजूनही पानशेतचं नाव काढतात, आणि सांगताना ‘अचानक’ हमखास येतंच. पण १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, त्यामागचं विज्ञान बघितलं तर अचानक असं त्यात फार थोडं आहे.

पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पूर्ण झालेलं नव्हतं तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी असते तिच्या दारांचं कामही अर्धवटच. अशा मोरीतून पाणी सुसाट जातं पण एकसारखं नाही, कधी मोरी तुडुंब कधी अर्धी, मधे हवा कोंडते आणि गचके बसत राहतात, त्यात काँक्रीटमध्ये सळ्या नाहीत. मोरी खचली, वरची माती त्या वाटेने निघायला लागली आणि बरोबर तिथेच धरणाचा माथा खाली बसत गेला. जवान रात्रभर त्या खचलेल्या भागावर वाळूची पोती रचत होते आणि मागे पाणी चढतच होतं.

आता मातीच्या धरणाची खरी गोची. पाणी अडवायला ते दणकट, पण माथ्यावरून पाणी गेलं की संपलं. पलीकडच्या उतारावर पाणी वेग घेतं, माती ओढून नेतं, खाच पडते. खाचेतल्या पाण्याची खोली दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट नाही होत, पावणेतीनपटीच्या वर जातो, मग जास्त प्रवाह जास्त माती खातो, खाच रुंदही होते आणि हे चक्र स्वतःच स्वतःला पळवतं. म्हणून आधी बराच वेळ नुसतं ‘जरा खचलंय’ आणि शेवटी एकदम सगळंच.

सकाळी पानशेत फुटलं. खाली खडकवासला, एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरण. दगडी धरण वरून पाणी गेलं तरी थोडंफार सोसतं, पण एवढा लोंढा त्यालाही पेलला नाही आणि तेही त्याच दिवशी गेलं. मग पुण्यातलं डेक्कन, नारायण पेठ, शनिवार पेठ, नदीकाठ सगळा पाण्याखाली. वाड्यांच्या मातीच्या भिंती भिजल्या की ताकदच सोडतात, त्यामुळे उभे वाडे बसले. पोत्यांनी धरण वाचलं नाही पण फुटायला उजाडलं, लोकांना पर्वतीच्या टेकडीकडे पळता तरी आलं, रात्री पाणी आलं असतं तर विचारच नको.

आणि शहराला पाणी खडकवासल्याचंच होतं ना, त्यामुळे पूर ओसरल्यावर नळ कोरडे आणि पेठांमधल्या विहिरींवर रांगा.