रणगाड्याच्या खोबणीत रंग कोण ओढतो?

वाळवंटी वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांसाठी, छोटे रणगाडे रंगवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलेला आहे. पातळ केलेला गडद रंग, म्हणजे वॉश, वरून सोडला की तो स्वतःच्या वजनाने खोबणीत उतरतो, असे मानले जाते. मॉडेल उलटे धरून पाहा. आता खाली तोंड झालेल्या खोबणीतही वॉश तितक्याच चपळाईने शिरतो आणि तिथेच टिकतो. तेव्हा हे काम वजनाचे नव्हे.

डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात इटालियन छावण्यांवर चालून गेलेला ब्रिटिश माटिल्डा रणगाडा घ्या. तो सुमारे अडीच मीटर उंच. १:७२ मापात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्याच्या चिलखतातली दीड सेंटिमीटरची फट मॉडेलवर ०.२ मिलिमीटर उरते. रणगाडा लहान करता येतो, पाण्याचे गुणधर्म मात्र जसेच्या तसे राहतात. द्रवाचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते, पृष्ठताणाचे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसून धरणारे, बल फक्त लांबीच्या प्रमाणात. म्हणून ७२ पट लहान केलेल्या जगात पृष्ठताण वजनाच्या तुलनेत ५,१८४ पट वरचढ ठरतो! पाण्यासाठी वजन आणि पृष्ठताण यांच्या वर्चस्वातली सीमा सुमारे २.७ मिलिमीटरवर येते. त्याहून बारीक जागेत गुरुत्वाकर्षणाचे फारसे चालत नाही, राज्य केशाकर्षणाचे, म्हणजे पृष्ठताणाने बारीक फटीत द्रव ओढला जाण्याचे.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. अरुंद फटीत द्रव किती उंच चढेल हे काढायचे तर पृष्ठताणाची दुप्पट घ्यायची, तिला संपर्ककोनाच्या (द्रवाची कडा पृष्ठभागाशी करते त्या कोनाच्या) कोसाइनने गुणायचे आणि द्रवाची घनता, गुरुत्वत्वरण व फटीची रुंदी यांच्या गुणाकाराने भागायचे. द्रव पृष्ठभागाला पूर्ण भिजवत असेल तर ०.२ मिलिमीटरच्या फटीत पाणी सात सेंटिमीटरांवर चढते, म्हणजे आपल्या माटिल्डाच्या दुप्पट उंच. पण मॉडेल असते पॉलिस्टायरीनचे, आणि त्यावर पाण्याचा संपर्ककोन ९० अंशांच्या आसपास असतो. ९० अंशांचा कोसाइन शून्य! साधे पाणी मग आत शिरतच नाही, वर थेंब होऊन बसते.

इथे साबणाचा थेंब कामाला येतो, आणि तोही उलट्या वाटेने. साबणाने पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून तिसाच्या आसपास येतो, म्हणजे ओढ कमी व्हायला हवी. पण संपर्ककोनही खाली येतो. तो समजा ४० अंश झाला, तर कोसाइन ०.७७ आणि गुणाकार सुमारे २३. आधी तो जवळजवळ शून्य होता. पृष्ठताण घटूनही ओढ वाढली ती अशी. ‘जादूचा वॉश’ म्हणून महागड्या बाटल्या विकल्या जातात. त्यांतही रंगकण, माध्यम आणि पृष्ठताण उतरवणारे द्रव्यच असते. जादूवर पैसे घालवू नयेत.

वॉशआधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निश का मारायचे, याचेही उत्तर इथेच आहे. मॅट पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म खड्डे, आणि प्रत्येक खड्डा द्रव धरून ठेवतो. त्यामुळे वाळूच्या रंगाचे सपाट चिलखत सगळेच मळकट दिसू लागते.

वॉश वाळताना दुसरी अडचण येते. सपाट भागावर राहिलेल्या थेंबाची कडा गडद होते, अगदी कॉफीच्या डागासारखी. १९९७ मध्ये शिकागोतील संशोधकांनी याचे कारण मांडले. थेंबाची कडा पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथले पाणी सर्वांत वेगाने उडते. ती तूट भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि रंगकण सोबत नेते. म्हणून सपाट भागावरचा जादा वॉश ओला असतानाच ओलसर कुंचल्याने टिपून घ्यावा. एकदा कडा बसली की ती हलत नाही.

कणांच्या आकारानेही फरक पडतो. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने दाखवले की गोल कण थेंबाच्या कडेला गडद वर्तुळ करतात, तर लांबट कण थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकून विरळ जाळे बनवतात आणि डाग सारखा वाळतो. त्या प्रयोगातले कणही पॉलिस्टायरीनचेच होते, आपल्या रणगाड्यांच्याच प्लास्टिकचे.