सहृदय व्यक्तिलेख

व्यसन, आजार, एकटेपणा किंवा बदनामी यांनी घेरलेल्या वलयांकित व्यक्तीचे नियतकालिकात आलेले दीर्घ शब्दचित्र. इंग्रजीत या प्रकाराला प्रोफाइल म्हणतात. १९२५ साली निघालेल्या ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातल्या एका सदराचे हे नाव पुढे सगळ्या प्रकारालाच चिकटले. मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा भरघोस आहे. पण तिथे लेखक बहुधा ओळखीच्या माणसाबद्दल लिहितो. प्रोफाइल लिहिणारा मुळात परका असतो. काही दिवस, कधी एकच संध्याकाळ सोबत काढून त्याला माणूस उभा करायचा असतो.

सहानुभूती शब्दांनी व्यक्त केली की लेख पडतो. ‘बिचारा’ म्हटले की वाचक सावध होतो. म्हणून कसलेले लेखक शेरा न मारता तपशील मांडतात. यातली मेखही तिथेच आहे: तोच तपशील एकाला माया वाटतो, दुसऱ्याला चेष्टा. पत्रकार लिलियन रॉस यांचा अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेंवरचा लेख (१३ मे १९५०) हे याचे ठळक उदाहरण. युरोपला निघालेले हेमिंग्वे न्यूयॉर्कला थोडे थांबले आणि रॉस त्यांच्याबरोबर हिंडल्या. कोटाची खरेदी, संग्रहालयातली चित्रे, हॉटेलच्या खोलीतली शॅम्पेन आणि मधले शब्द गाळत केलेले त्यांचे तुटक बोलणे, सगळे जसेच्या तसे लेखात आले. लेख आधी हेमिंग्वेंना दाखवला होता आणि त्यांची मैत्री पुढेही टिकली. अनेक वाचकांना मात्र वाटले, बाईंनी मोठ्या लेखकाची अब्रू चव्हाट्यावर आणली. १९६१ मध्ये हेमिंग्वेंनी आत्महत्या केली. त्याच वर्षी लेख पुस्तकरूपाने निघाला तेव्हा, आपण हे आपुलकीनेच लिहिले होते, असा खुलासा रॉस यांना प्रस्तावनेत करावा लागला. आज तो लेख वाचताना बढाईमागचा थकवा आधी दिसतो. अर्थात आपल्याला शेवट माहीत असतो.

अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटी यांची रीत निराळी, आणि जरा संशयास्पद. १९५७ साली जपानमधल्या क्योतो शहरात चित्रीकरणासाठी आलेले अभिनेते मार्लन ब्रँडो यांच्या हॉटेलच्या खोलीत ते एका रात्री बसले. हातात वही नाही, टेपरेकॉर्डर नाही. आधी त्यांनी आपलीच दुःखे सांगितली. मग ब्रँडो दारूच्या आहारी गेलेल्या आपल्या आईबद्दल बोलले. छापून आल्यावर ब्रँडो संतापले. लेखातली करुणा खरी वाटते, ती मिळवली कशी हे कळल्यावर मात्र घास घशात अडकतो.

पत्रकार गे टलीझ यांना तर फ्रँक सिनात्रांनी भेटच नाकारली. मग त्यांनी भोवतालच्या माणसांना गाठले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या गायकाच्या साध्या सर्दीवर लेख उभा केला (‘एस्क्वायर’ मासिक, एप्रिल १९६६). सिनात्रांचे केसांचे टोप थैलीत घेऊन मागे वावरणारी एक वयस्क बाई त्यात दिसते. त्या थैलीने जे सांगितले ते मुलाखतीत निघाले नसते.

मराठीत या जातीचे सर्वांत धीट लेखन प्रोफाइलच्या चौकटीबाहेर घडले. अभिनेत्री हंसा वाडकर यांची कहाणी पुण्याच्या ‘माणूस’ साप्ताहिकातून आली, शब्दांकन पत्रकार अरुण साधू यांचे. दारू, फिसकटलेला संसार, घर सोडून जाणे, सारे वाडकरांच्याच तोंडून. साधूंनी स्वतःला मजकुरातून पार पुसून टाकले, आणि माझ्या मते ही सहानुभूतीची सर्वांत अवघड तऱ्हा आहे. पुस्तक १९७० मध्ये निघाले. नाव वाडकरांनी गाजवलेल्या १९५९च्या तमाशापटाचेच: ‘सांगत्ये ऐका’. पुढच्याच वर्षी त्या वारल्या.